दोन तास कोन बसते

गनीभाई : चहा नको, विमलताई. आधी माही गोष्ट आयका. अंडी तुमच्या सुनेनं नाही खराब केली.

विमलताई : मंग कोनं केली? अडीचशे अंडी, अन् एक पिल्लू नाही! वैष्णवीनंच उबवनीची पेटी बंद ठेवली असंन. सदा मोबाईलमध्ये डोकं.

गनीभाई : पेटी चालूच होती. चूक माया हातची हाये.

विमलताई : तुमची? तुम्ही तं दुरुस्त करून देल्ली.

गनीभाई : तवाच झाली. विजेनं जुनी चिप जळली, मी नवी बसवली. चिपमध्ये टायमर असते. त्याले दुसरं कामच नाही, फक्त ठोके मोजते. ठरलेले ठोके झाले का मोटर सुरू, ट्रे फिरते. दर दोन तासानं.

विमलताई : ठाऊक हाये. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, तसं.

गनीभाई : तसंच. पन नवी चिप येते तवा आठपट हळू चालते. ते सेटिंग बदलावं लागते. मी विसरलो. टायमरनं इमानदारीनं मोजलं, ठोकेच हळू पडले. दोन तासाचे सोळा झाले.

विमलताई : अन् तपासलं नाही?

गनीभाई : बटन दाबून मोटर फिरवली. टायमरची वाट नाही पाह्यली. म्हटलं, दोन तास कोन बसते?

विमलताई : म्हनजे पिल्लं आतल्या आत कवचाले चिकटून मेली.

गनीभाई : हो.

विमलताई : तुम्हाले कवा समजलं हे?

गनीभाई : मागच्या शुक्रवारी. पेटी दुकानात खोलली तवा.

विमलताई : आज गुरुवार हाये, गनीभाई.

गनीभाई : दोनदा तुमच्या फाटकापर्यंत आलतो.

विमलताई : अन् वापस गेले! इकडं मी त्या पोरीले काय नाही बोलली. सहा वर्षं झाली लग्नाले. मी म्हटलं, अंडी उबवता येत नाही, म्हनूनच देवानं तुयी कूस... जाऊ द्या. भरल्या ताटावरून उठली अन् मारेगावले भावाकडं गेली.

गनीभाई : मले फोन केलता तिनं, अंडी ठेवल्याच्या पाचव्या दिवशी. ‘चाचा, ट्रे सकाळपासून तसाच आहे.’ मी हासलो. म्हटलं, बेटा, मशीन नाही चुकत, तुयीच डुलकी लागली असंन.

विमलताई : मलेही सांगतलं होतं. मीही हासली.

गनीभाई : लावा फोन. मी बोलतो.

विमलताई : लावते. मायाच्यानं नाही बोलनं होत.

(फोन स्पीकरवर लागतो.)

वैष्णवी : हॅलो, आई?

गनीभाई : मी गनीचाचा, बेटा. तुयी काहीच गलती नव्हती. माया टायमर चुकला. अन् समजल्यावर सहा दिवस मी गप बसलो.

वैष्णवी : ...आई आहेत का तिथं?

विमलताई : हावो. आयकून राह्यली.

वैष्णवी : मी वेळा लिहून ठेवल्या होत्या, चाचा. ट्रे केव्हा केव्हा फिरला, त्या. कोणी वही मागितलीच नाही.

गनीभाई : जवळ हाये? वाचतं?

वैष्णवी : आता काय फायदा?

गनीभाई : काहीच नाही. तरी वाच.

वैष्णवी : सोमवार, सकाळी सहा. मग रात्री दहा. मग मंगळवारी...

गनीभाई : दुपारी दोन.

वैष्णवी : हो चाचा. दोनच.

विमलताई : पुढं वाच, बाई.