नेहरू नगरातील बुजवलेल्या दाराबाबत ललिता बनसोड यांचा जबाब

नाव: ललिता कवडू बनसोड. वय: ४३ वर्षे. शिक्षण: अकरावी. धंदा: जिप्सम बोर्डाच्या भिंतींचे सांधे भरून फिनिशिंग करणे. राहणार: खुर्सीपार, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड. जबाबाची तारीख व वेळ: सोमवार, २१ जुलै २०२५, दुपारी १.१०.

मी ठाण्यात स्वतः येऊन, समक्ष बसून सांगते की, वर लिहिलेला धंदा माझा आहे. अगोदरच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘मजूर’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मजुरी करण्यात कमीपणा नाही. पण गेली चौदा वर्षे मी सांधे भरण्याचेच काम करत आहे आणि भिलाई-दुर्गमधले बोर्ड बसवणारे लोक या कामासाठी मला शोधत येतात. माझे पती कवडू बनसोड हे स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहेत. मुलगी दीक्षा बारावीत असून नेहरू नगरातील उमाकांत पाटणकर यांच्या कोचिंग क्लासला सकाळच्या बॅचमध्ये जाते. मला हिंदी येते. परंतु महिला हवालदार सुनिता रामटेके यांना मराठी लिहिता येते असे कळल्यावरून मी विनंती केली व त्यांनी हा जबाब मराठीत लिहून घेतला.

उमाकांत पाटणकर, वय अंदाजे ५२, राहणार पद्मनाभपूर, दुर्ग, यांचा क्लास हायवेजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली दुकाने व पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. इमारतीला पुढून एक व मागून एक असे दोन जिने आहेत. क्लासच्या मोठ्या हॉलला दोन दारे होती, एक पुढच्या जिन्याकडे उघडणारे व दुसरे मागच्या भिंतीत, मागच्या जिन्याच्या बोळात उघडणारे.

बुधवार, दिनांक ४ जून रोजी सकाळी ९.३० वाजता पाटणकर यांच्या बोलावण्यावरून मी तेथे गेले. बोर्ड बसवणाऱ्याने मागच्या भिंतीवर, दारासकट, लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला होता. पाच बोर्ड लावून झाले होते आणि सहावा लावायचा बाकी होता, त्यामुळे दार अर्धे दिसत होते. काम सुरू करण्याअगोदरचा फोटो मी नेहमी मोबाइलवर काढते, तसा तेव्हाही काढला. तो तारखेसह आज दाखवला आहे.

मी पाटणकर यांना विचारले, “सर, हे दार कावून बुजवून राहिले? पोरं एवढे, जिना एकच राहीन.” त्यांनी सांगितले की मुले मागच्या दाराने सटकतात, शिवाय मोठ्या स्क्रीनसाठी त्यांना अख्खी भिंत सपाट पाहिजे, आणि परवानगी घेतलेली आहे. परवानगीचा कागद मी पाहायला मागितला नाही.

काम तीन दिवस व थोडे चौथ्या दिवशी चालले. दोन बोर्डांमधल्या फटीत मसाला भरायचा, त्यावर कागदी टेप दाबून बसवायची, ते सुकले की दुसऱ्या दिवशी रुंद पात्याने दुसरा हात मारायचा आणि तिसऱ्या दिवशी आणखी रुंद व अगदी पातळ तिसरा हात. मग बारीक घासकागदाने घासायचे. या कामात घाई केली तर सांधा फुगतो किंवा महिन्याभरात रेघ उठते. मी घाई केली नाही. शेवटी खोलीतले दिवे बंद करून पेटता बल्ब भिंतीला चिकटून आडवा फिरवला. उंचवटा असेल तर अशा उजेडात सावली पडते. कुठेही पडली नाही.

पाटणकर यांनी स्वतः भिंतीवरून तळहात फिरवला व म्हणाले, “ललिताबाई, इथे कधी दार होतं हे शपथेवर सांगूनही कोणाला पटायचं नाही.” मला त्या वेळी ती शाबासकी वाटली. घरी जाऊन मी ते दीक्षाला सांगितलेसुद्धा. हे मी स्वतःहून सांगत आहे, कोणी विचारून काढलेले नाही.

गुरुवार, दिनांक १७ जुलै रोजी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरील दवाखान्यात छताच्या सांध्यांचे काम मी करत होते. सायंकाळी ४.२० च्या सुमारास जळका वास आला. पुढच्या जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या, तेथून धूर निघून जिन्यातून वर चढत होता. दवाखान्यातील सर्व लोक व मी मागच्या जिन्याने खाली रस्त्यावर आलो. वर पाहिले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या जाळीतून मुलांचे हात बाहेर आलेले होते. कोणीतरी अग्निशामक दलाला फोन लावला होता. मुलांना मागून का उतरवत नाही, असे एकाने विचारले. क्लासचा शिपाई म्हणाला की मागून रस्ताच नाही. तो महिन्याभरापूर्वी कामावर लागलेला आहे, त्याचा दोष नाही.

रस्ता होता. कुठे होता ते तिथे उभ्या असलेल्या लोकांत मला एकटीला माहीत होते.

मी मागच्या जिन्याने परत वर जाऊन दवाखान्यातील माझ्या सामानातून हातोडी घेतली व दुसऱ्या मजल्यावर गेले. बोळात धूर नव्हता. दारासमोर पुस्तकांचे खोके माझ्या डोक्याच्या वर रचलेले होते. ते मी ओढून जिन्यावरून खाली टाकले. दाराला बोळाच्या बाजूने कडी होती, ती काढली. दार उघडल्यावर समोर बोर्डाची मागची बाजू व लोखंडी पट्ट्या होत्या. मी हातोडीने ठोकत ओरडले, “बच्चों, पीछे हटो, इधर दरवाज़ा है.” आत शिकवणाऱ्या मधुवंती मॅडम यांनी नंतर मला सांगितले की, भिंतीतून आवाज येत असल्याचे मुलांनी ऐकले, पण कुठून येतो ते कोणाला समजेना. मुले त्याच भिंतीला टेकून उभी होती.

सांध्याच्या मागे लोखंडी पट्टी असते, तेथे घाव घालून उपयोग नसतो. म्हणून मी दोन पट्ट्यांच्या मधोमध मारले. बोर्ड फुटल्यावर हाताने ओढून वाट मोठी केली. साधारण दीड फूट रुंद झाली. मधुवंती मॅडम आत उभ्या राहिल्या. त्यांनी एकेका मुलाला आडवे करून पुढे ढकलले व मी बोळात ओढून घेतले. मॅडम मोठ्याने मोजत होत्या. सेहेचाळीस मोजून झाल्यावर त्या थांबल्या, कारण हजेरी सत्तेचाळीस होती. उतई गावाहून येणारा अंकुर नावाचा मुलगा, वय १६, पुढच्या दाराजवळ पडलेला होता. त्याने त्या बाजूने उतरण्याचा प्रयत्न केला होता. मॅडम व मी सरपटत जाऊन त्याला पायांना धरून आणले. तो तीन दिवस रुग्णालयात होता व काल घरी गेला. पट्टीची धार लागून माझ्या उजव्या तळहाताला अकरा टाके पडले आहेत. अग्निशामक गाडी ४.५० ला आली व जवानांनी लगेच आग आटोक्यात आणली.

शुक्रवार, दिनांक १८ जुलै रोजी उमाकांत पाटणकर यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला. तो मला आज वाचून दाखवण्यात आला. त्यात असे म्हटले आहे की, मी विनापरवानगी शिरून क्लासची भिंत फोडली, मी पाडलेल्या भगदाडातून धूर आत गेला व त्यामुळे अंकुर बेशुद्ध पडला, आणि त्या जागी दार कधीच नव्हते. हे ऐकून मी जे बोलले ते जबाबात घेता येणार नाही असे तपास अधिकारी साहेबांनी सांगितले, म्हणून ते येथे लिहिलेले नाही. धुराबाबत एवढेच सांगते की, तो पुढच्या जिन्यातून येत होता. बोळात स्वच्छ हवा होती. सत्तेचाळीस मुले त्याच हवेत बाहेर पडली. त्यांना विचारावे.

रविवार, दिनांक २० जुलै रोजी सकाळी ११ च्या सुमारास पाटणकर एकटेच आमच्या घरी आले. माझे पती ड्यूटीवर होते. मी त्यांना बसायला खुर्ची दिली व दीक्षाने पाणी दिले. ते म्हणाले, “ललिताबाई, घाबरून तुमच्या हातून भिंत फुटली, एवढंच सांगा. दाराचा विषय काढू नका. मी अर्ज मागे घेतो. मुलीचं बारावीचं वर्ष आहे, तिचा विचार करा.”

मी म्हणाले, “सर, दार होतं. म्या माह्या हातानं बुजवलं. तुमाले आठवत नसन, मले आठवते.”

त्यावर ते म्हणाले की, भिंती घासणाऱ्या बाईच्या शब्दावर कोणी कोणाचा क्लास बंद करत नसते, आणि परवानगीच्या नकाशातही ते दार दाखवलेले नाही. मी विचारले की अंकुरला पाहायला गेले होते का. ते म्हणाले की वकिलांनी तूर्त जाऊ नका असे सांगितले आहे. दीक्षा तेथेच उभी होती. ती मला म्हणाली, “मम्मी, आप सच ही लिखवाना. मी दुसरा क्लास पाहून घेईन.” पाटणकर पाणी न पिता गेले.

आज सकाळी १०.१५ वाजता तपास अधिकारी साहेब, हवालदार सुनिता रामटेके व दोन पंच यांच्यासोबत मी क्लासमध्ये गेले. पाटणकर हजर होते. मागची भिंत पूर्ण होती. भगदाड दिसत नव्हते, वरून रंगही मारलेला होता. बोळातील दाराची फळी काढून तेथेही बोर्ड लावला होता. पाटणकर म्हणाले की फुटलेला भाग तेवढा दुरुस्त केला, बाकी भिंत मूळचीच आहे. साहेबांनी भिंत पाहिली व मला म्हणाले की येथे तर काहीच दिसत नाही.

मी दिवे बंद करायला व खिडक्यांना पडदे ओढायला सांगितले आणि साहेबांच्या हातातील टॉर्च भिंतीला चिकटून आडवी धरायला लावली. सांध्यांच्या सावल्या पडल्या. दोन उभ्या व वर एक आडवी, माझ्या दीड फुटाच्या भगदाडापेक्षा रुंद, दाराच्या मापाच्या. ज्या कोणी हे काम केले त्याने एकाच हातात सगळा मसाला फासला होता व सुकण्याअगोदर रंग मारला होता. मी साहेबांना सांध्यावर अंगठा दाबून पाहायला सांगितले. अंगठा आत रुतला. मसाला आत ओला होता. मूळची भिंत ओली कशी, असे साहेबांनी पाटणकर यांना विचारले. पाटणकर म्हणाले की पावसाळा आहे.

त्यानंतर पंचांसमोर तो बोर्ड कापण्यात आला. मागे दाराची चौकट होती व चौकटीत बिजागऱ्या तशाच होत्या. माझ्या फोटोतील चौकट तीच असल्याचे पंचांनी पाहून सह्या केल्या. हॉलला सील लावण्यात आले. खरे म्हणजे चौदा वर्षांत मी इतके वाईट काम पाहिले नव्हते आणि ते पाटणकर यांना सांगावे असे फार वाटले होते.

माझ्यावरील अर्ज रद्द करावा अशी विनंती मी केलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की, तेथे दार परत बसवल्याशिवाय क्लास उघडू देऊ नये. कागद न पाहता मी ते दार बुजवले, तीन दिवस मन लावून बुजवले, आणि त्यानंतर सहा आठवडे मुले त्या भिंतीसमोर बसत होती. त्यात माझी दीक्षाही होती. माझ्यावर गुन्हा नोंदवायचा असेल तर दार बुजवल्याचा नोंदवावा. त्याला मी ना म्हणणार नाही. भिंत फोडल्याचा मात्र मी मान्य करत नाही व पुढेही करणार नाही.

हा जबाब हवालदार सुनिता रामटेके यांनी मला सुरुवातीपासून सावकाश वाचून दाखवला. जसे सांगितले तसेच यात उतरले आहे. कोणाच्या दबावाने किंवा सांगण्यावरून काही घातलेले अथवा गाळलेले नाही. हाताला पट्टी असल्यामुळे अंगठा घ्यावा का असे मला विचारण्यात आले. मी नको म्हटले. मला सही येते. डाव्या हाताने केली आहे म्हणून वाकडी आली, पण ती माझीच आहे.

(सही) ललिता कवडू बनसोड