हळद्याचा उपास

बसलात का सगळे? ओ भिंतीकडचे — टेकलात ते ठीक, पण घोरू नका हां! आमच्या पखवाजाच्या वर आवाज जातो तुमचा!

तर मंडळी, आधी एक प्रश्न. वैऱ्यानं घात केला तर आपण काय करतो? भांडतो, चार शिव्या घालतो, मोकळे होतो. पण मायेच्या माणसाकडून, मायेपोटीच घात झाला तर? भांडायचं कुणाशी? त्या माणसाचं करायचं काय? काय हो पेटीवाले, सांगता का? ...बघा, मान खाली घातली! घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय!

ऐका. वाघेरवाडी नावाचं गाव. खंडोबाचं जुनं ठाणं. तिथले मानकरी यसाजीतात्या. मिशा अशा, की त्या आधी यायच्या आणि तात्या मागून! घरात लेक सदाशिव आणि सून शेवंता. लेकरूबाळ अजून नव्हतं. एकदा शेवंता पाण्याला गेली आणि पदरात पिल्लू घेऊन आली. कुत्र्याचं! पिवळंधम्मक, भंडाऱ्यात लोळून आल्यासारखं. नाव ठेवलं हळद्या.

तात्या गरजले, "ही ब्याद माझ्या दारात नगं!"

शेवंता म्हणाली, "मामंजी, कुत्रं म्हणजे खंडोबारायाच्या सोबतीचं जनावर. तुम्ही मानकरी. देवाच्या सोबत्याला हाकलता?"

झाली की नाही पंचाईत! पिल्लू राहिलं घरात!

शेवंतानं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. आणि हळद्यानं उपकार कसे फेडले? तात्यांची नवीकोरी वहाण कुरतडली! डाव्या पायाची. तात्या काठी घेऊन पुढं — नव्हे, पुढं हळद्या, तोंडात वहाण. मागं तात्या, एका पायानं लंगडी घालत. आणि सगळी वाडी ओट्यावर उभी राहून हसतेय!

पण मंडळी, माया ही खोकल्यासारखी. लपवून लपत नाही. थोड्याच दिवसांत तात्या जेवायला बसले, की मांडीखालून भाकरीचा तुकडा हळूच मागं जायचा. शेवंता विचारायची, "मामंजी, कुणाला देताय?" "कुणाला न्हाई! हात आखडलाय, मोकळा करतुया!"

आता मार्गशीर्ष आला. खंडोबाचं नवरात्र बसलं. घरात मटण बंद, अंडं बंद. तात्यांचा नेम कडक. त्यांनी फर्मान काढलं, "देवाचा सोबती हाय ना? मग हळद्याचाबी उपास! हाडूक न्हाई!"

अहो, त्या लेकराचे दात शिवशिवत होते! मुसळ कुरतड, खाट कुरतड, बिचारं कुईंकुईं करत फिरायचं. तात्यांचा जीव तुटायला लागला. नेमही मोडवेना, पिल्लाचं तोंडही बघवेना. गेले तालुक्याला. एका दुकानात टांगलेलं दिसलं — पांढरंशुभ्र, दोन्हीकडे गाठी मारलेलं हाड. वास नाही, रक्त नाही, पापडासारखं कोरडं. तात्यांनी विचारलं, "हे मांसाहारी न्हाई ना?"

दुकानदार म्हणाला, "छे हो, कुत्र्याचं खेळणं आहे ते!"

वा! तात्यांना वाटलं, शाकाहारी हाड सापडलं! नेम राहिला, पिल्लूही खूश! येताना मिशीत हसत आले. हळद्याला मांडीवर घेतलं, स्वतःच्या हातानं दिलं. काय शेपूट हलली म्हणता! तात्या म्हणाले, "खा बाबा, देवाला चालतंय." आणि देवळाकडं निघून गेले.

पिल्लानं चघळलं. मऊ झालं. गाठ सुटून आली आणि हळद्यानं ती तशीच गिळली. पोट फुगलं. सदाशिवानं त्याला छातीशी धरून गुरांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे वाळवलेलं कातडं आहे. पोटात जाऊन फुगतं, आतडं बंद करतं." खूप खटपट केली त्यांनी. पण लहान जीव. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी हळद्या गेला.

रडावं असंच आहे हो. मीही दरवेळी इथं थांबतो.

त्या रात्री शेवंता सासऱ्याशी बोलेना. ताट वाढलं, तोंड फिरवलं. तात्या ताटाला हात लावेनात.

चंपाषष्ठी उजाडली. वाडीची रीत अशी, की बाजरीचा पहिला रोडगा गावच्या कुत्र्यांना. तोही मानकऱ्याच्या हातानं. मगच तळी उचलायची, मगच गाव जेवणार! भरताचा घमघमाट सुटलाय, गाव देवळात जमलंय, कुत्री रांगेनं बसलीत — आणि मानकरी कुठंय? गोठ्यात! तात्या सांगून बसले, "सदाशिवाला द्या मान. ह्या हातानं आता कुठल्या मुक्या जीवाला घास न्हाई. कधीच न्हाई."

सदाशिव म्हणाला, "अगं, तू तरी बोल त्यांच्याशी."

"मी नाही बोलणार!" शेवंता म्हणाली. पण रोडग्याची परात घेऊन दारातून जाता जाता तिची नजर गोठ्यात गेली. तात्या खाली बसलेले. मांडीवर ती डाव्या पायाची वहाण, कुरतडलेली. चांभारानं किती वेळा मागितली होती सांधायला! तात्यांनी दिली नव्हती. दातांच्या खुणांवरून बोट फिरवत म्हातारा हुंदके देत होता.

शेवंता परात घेऊन आत गेली. "मामंजी, उठा. कुत्री ताटकळलीत."

"पोरी, ह्या हातानं मारलं गं त्याला."

"ह्याच हातानं मांडीखालून भाकरी दिलीत ना? मला काय दिसत नव्हतं होय? ते सगळं विसरायचं आणि एक चूक तेवढी धरून बसायची? माझा हळद्या असता, तर आज पहिला घास कुणाकडं मागितला असता त्यानं?"

तात्या उठले! तीच वहाण पायात घातली.

आणि मग काय मंडळी! देवळापुढं तात्या रोडगा मोडताहेत — केवढा तुकडा? करंगळीच्या नखाएवढा! एकेक तुकडा चाचपून बघताहेत. गाव ओरडतंय, "तात्या, आटपा! कुत्री म्हातारी होतील!" "अहो, आम्हीबी उपाशी आहोत!" तात्या म्हणाले, "गप बसा रे! चावून गिळू दे त्यास्नी!" तेवढ्यात एक लुळ्या कानाचं थोराड कुत्रं पुढं आलं, तुकडा घेतला आणि तात्यांचा हात चाटायला लागलं. तात्या हसले, मंडळी! डोळ्यांतून पाणी आणि मिशीत हसू! शेवंतानं मूठभर भंडारा उधळला — येळकोट येळकोट जय मल्हार! तात्या पिवळे, कुत्री पिवळी! शेवंता म्हणाली, "बघा मामंजी, सगळे हळद्याच झाले!"

तेव्हा घरात मुकं जनावर असेल, तर तोंडात काय देताय ते आधी नीट विचारा, आणि दिलंत तर शेजारी बसून राहा. मायेनं दिलं म्हणून कातडं विरघळत नाही.

पण माझा प्रश्न तुम्हाला आहे. तुमच्या घरात आहे का असा एक हात? कुणाच्या तरी मायेपोटी चुकलेला? तुम्ही तोंड फिरवलंत, म्हणून रिकामाच राहिलेला?

आज आरतीनंतर प्रसाद मी वाटणार नाही. परात इथं ठेवतो. ज्याच्याशी अबोला आहे त्याला हाक मारा, आणि त्याच्या हातून घ्या.

काय पेटीवाले? उठा — वहिनी तिकडं मागं बसल्यात!