मशीनच्या नावानं आलेली चिठ्ठी

अरविंद : क्यू दाबू नका मॅडम. हात वर घ्या. दोन्ही हात.

सुनंदा : मी काय चोर आहे का सर? पेटी माझीच आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघून राहिली, तर कचरा काढून ठेवते. खातं सोडताना मेल साफ करून जा, असं पोरांना तुम्हीच सांगता न?

अरविंद : किती काढले?

सुनंदा : सगळे. डी स्टार, एंटर. सहाशे अकरा.

(पांढुर्णा, सन दोन हजार. दिवाळीचे कंदील अजून उतरायचे आहेत आणि राज्याची वाटणी परवावर आली आहे. केसरबाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत अरविंदचा कम्प्युटर क्लास : एक मोठं मशीन, त्याला जोडलेले सहा काळे पडदे, माऊस म्हणाल तर एकही नाही, जे काय करायचं ते टाइप करून. सुनंदा मॅडम इथं शिकवतात. त्यांचे वडील सरकारी नोकरीत, आणि वाटणीत त्यांचं नाव नव्या राज्याच्या, रायपूरच्या यादीत निघालं. आणि आपला अरविंद आत्ता आत आलाय तो एकाच पायात चप्पल घालून.)

केसरबाई : मीच सांगतलं वो याले. माह्यापाशी चहा पिऊन रायला होता. म्या म्हटलं, सुनंदा आपला डब्बा पुसून रायली, तं कप तसाच ठेवून पयाला.

अरविंद : मतलब, घाबरायचं काही नाही. डी म्हणजे फक्त खूण. क्यू दाबेपर्यंत काहीच पुसल्या जात नाही. एक्स दाबून बाहेर पडलं, तर होतं तसं राहते.

सुनंदा : तो तास मीच घेते सर.

केसरबाई : म्हंजे जेवणारा उठल्याबिगर ताट उचलत नाई, तसंच न?

सुनंदा : तसंच. पण ठेवायचं कशाला? सगळे मशीनचे आहेत. विषय काय, तर रात्रीचा अहवाल. रोज पहाटे तीनला मला लिहिते : बॅकअप झाला, डिस्क इतकी भरली, राम राम.

अरविंद : राम राम नाही लिहीत ते.

सुनंदा : ते मी मनानं लावते. चौदा ओळी, एक कमी नाही की जास्त नाही. पावणेदोन वर्षांत तुमच्या मशीनइतकं नेमानं मला कोणीच लिहिलं नाही.

अरविंद : अहवाल ठेवावे लागतात मॅडम. एकदम महत्त्वाचे असतात. उद्या कोणी तपासायला आलं, तर...

केसरबाई : कोन येते बापू तुयं तपासाले? सहा पोरं येते क्लासले, त्यातले दोन पंख्याच्या हवेसाठी.

सुनंदा : बरं, कोणता ठेवू? यू अन् नंबर टाकला की परत येते. सांगा नंबर.

अरविंद : नंबर नाही आठवत.

सुनंदा : म्हणजे एखादा आहे.

अरविंद : मी कुठं म्हटलं, एखादा आहे?

केसरबाई : अरे, बोल न आता. दोन महिने झाले, माह्या वट्ट्यावर बसून रोज म्हणते, केसरबाई, तिनं काहीच म्हटलं नाई. उद्या ते पोरगी गाडीत बसून जाईन, मंग काय रुळाले सांगशीन?

अरविंद : पोळ्याचा दुसरा दिवस आठवते का, मॅडम? गोटमारीचा. क्लास बंद होता, सारं गाव नदीवर, या काठावरून त्या काठावर दगड मारायला. मी इथं बसलो होतो. एकटा. मतलब, मशीन होतं.

सुनंदा : मग?

अरविंद : मग तुम्हाला एक मेल लिहिला. माझ्या नावानं नाही टाकला. तुमच्या मागं पोरं उभी राहतात, यादीत अरविंद असं नाव दिसलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तिगाव अन् दुसऱ्या दिवशी सौंसरपर्यंत गेलं असतं. म्हणून रूटच्या नावानं टाकला. वर विषय लिहिला, रात्रीचा अहवाल.

केसरबाई : घ्या. लोकं गुलाब ठेवते पुस्तकात, यानं अहवाल धाडला.

अरविंद : तो पुसला तर पुसू द्या, पण न वाचता नको. मी तोंडानं नाही सांगू शकत. बिलकुल नाही सांगू शकत. एवढंच म्हणायला पळत आलो.

सुनंदा : पाचशे पन्नास.

अरविंद : काय?

सुनंदा : नंबर. अहवाल पहाटे तीनला येते, हा भर दुपारी सव्वाबाराला आला. अहवाल चौदा ओळींचा असते, हा एकशे बारा ओळींचा. अन् मशीन मला आजपर्यंत कधी तू नाही म्हणालं.

केसरबाई : एकशे बारा? चिठ्ठी लिवली का पोथी?

अरविंद : म्हणजे तुम्ही वाचला.

सुनंदा : दुसऱ्याच दिवशी. तीनदा.

अरविंद : अन् दोन महिने काही बोलल्या नाही. नको होतं, तर तसं तरी सांगायचं. मी रोज सकाळी शटर उघडताना ठरवायचो, आज विचारतो. अन् तुमचं तोंड पाहिलं की...

सुनंदा : की विचारायचे, प्रिंटरमध्ये कागद आहे का. साठ दिवस मी तुम्हाला कागद दाखवून राहिली. मी नाही बोलली? याच खुर्चीत बसून उत्तर लिहिलं मी. आर दाबलं, लिहिलं, खाली एकट्या ओळीत टिंब दिलं अन् पाठवलं. तुम्ही वाचून गप्प बसले, असं वाटलं मला. आता पस्तावले असतील, असं वाटलं. खूप वाईट वाटलं सर. आज डी स्टार काय हौसेनं दाबलं का मी?

अरविंद : मला नाही आलं. आईची शपथ, नाही आलं.

सुनंदा : आर दाबलं की उत्तर कोणाला जाते? परीक्षेत तुम्हीच विचारता.

अरविंद : ज्याच्या नावानं आलं... त्याला.

केसरबाई : आता काहून पांढरा पडला हा?

अरविंद : रूटच्या पेटीत गेलं ते.

केसरबाई : हा रूट कोन? कोनाचा पोरगा?

सुनंदा : मशीनचा कारभारी असते तो, केसरबाई. म्हणजे हेच. दुसरी टोपी घालून.

केसरबाई : मंग आपल्याच टोपीत पाह्यलं काहून नाई यानं?

अरविंद : त्या पेटीत चार हजारांवर आहेत. मशीन मलाही लिहिते न. लॉगिन केलं की रोज पडद्यावर येते, तुमचं टपाल आलं आहे. मला वाटायचं, नेहमीचीच कटकट.

केसरबाई : काखेत कळसा अन् गावाला वळसा. बस त्या बाजूच्या पडद्यावर. उघड.

अरविंद : उघडतो. पासवर्ड चुकला.

सुनंदा : हळू टाका. गाडी उद्याची आहे.

अरविंद : झालं. चार हजार दोनशे सात.

सुनंदा : एफ टाका, पुढं माझं नाव. फक्त माझेच दिसतील.

अरविंद : एफ, सुनंदा. आला. एकच आहे. तीन ओळींचा.

केसरबाई : मोठ्यानं वाच. ते इंग्रजी अक्षरातलं मराठी मले नाई लागत.

अरविंद : "सर, तुमच्या एकशे बारा ओळींमधल्या एकशे दहा ओळी हवामान अन् संत्र्याच्या बहाराविषयी आहेत. उरलेल्या दोन ओळींना माझं हो आहे. बाबांना मात्र तुम्ही स्वतः विचारायचं, मशीनकडून नाही."

केसरबाई : अन् हे येवढं सोनं चार हजार कचऱ्याखाली पडून होतं? अरविंदा, मी इथं रोज झाडू मारते, मले सांगतलं असतं तं झाडून काढलं असतं. आता हासून काय रायला, डोळे पूस.

अरविंद : बाबा कुठं आहेत?

सुनंदा : स्टेशनावर. सामान बुक करायला गेले. पार्सलच्या खिडकीत भांडत असतील, दोन बोजे कमी लिहिले म्हणून.

अरविंद : मी जातो. आत्ताच जातो. काय म्हणू त्यांना?

सुनंदा : त्या दोन ओळीच म्हणा. हवामान सोडून द्या.

अरविंद : रागावले तर?

सुनंदा : रागावतील. मग म्हणतील, बोजा धरू लागा. धरू लागा.

केसरबाई : अन् पयले दुसरी चप्पल घाल. माह्या चुलीपाशी पडली हाय ते. सासऱ्याले एका पायानं भेटाले जाते का कोनी?

अरविंद : जातो. मॅडम, ते तुमचं अजून उघडंच आहे. मी येईपर्यंत क्यू...

सुनंदा : एक्स दाबलं. सहाशे अकराच्या सहाशे अकरा आहेत. जा तू.