तिसऱ्या मजल्यावर काय खंदणार

भोकरदनच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर एक रिटायर गुरुजी आणि त्यांच्या बाई बसल्या होत्या. संभाजीनगरला फ्लॅट बघायला निघाले होते.

“नंदा, तिथं दरवाजे हायेत, मकबरा हाय, लेण्या हायेत. इतिहासाच्या माणसानं तिथंच राहावं.”

“राहू की. मी कुठं न्हाई म्हणून राह्यले?”

“वेरूळला सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी.”

“बराबर. आन् आपलं भोकरदन?”

“इथं काय दिसतं? सगळं जमिनीखाली.”

“म्हणून तर विचारते. संडासाचा खड्डा खंदताना खापरं निघाल्ती, तर तुम्ही दात घासायच्या ब्रशनं माती झाडत बसले. आख्खा उन्हाळा मी जाऊबाईकडं जात होते. शेवटी संडास दुसरीकडं बांधला.”

“सातवाहनांच्या काळातली खापरं हायेत ती.”

“असतील. फ्लॅट कितव्या मजल्यावर हाय?”

“तिसऱ्या.”

“मंग तिथं खंदलं तर खालच्यांचं सयपाकघर निघंल.”

गाडी लागली. कंडक्टरनं आवाज दिला. गुरुजी पिशवी घेऊन उठले.

“नंदा, तो खड्डा बुजवला का गं?”

“न्हाई. वर पत्रा टाकून ठेवलाय. बसा खाली.”