मधलं वर्ष

शिष्यवृत्तीच्या रांगेत माझ्यापुढे काठी टेकत उभे असलेले एक गृहस्थ होते, सोबत त्यांची मुलगी.

"अर्ज परत आलाय, बाबा. बारावीनंतरच्या वर्षात काय केलं, तिथे तुम्ही काय लिहिलंत बघा."

"'घरीच होती.' मग? खोटं लिहू?"

"तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. तुम्हाला कुशीवर कोण वळवत होतं? अंग कोण पुसत होतं?"

"ते घरातलंच झालं. ते काय अर्जात लिहायचं असतं?"

"दादा नापास होऊन वर्षभर लोळत होता. त्याच्या अर्जात मात्र 'परीक्षेची तयारी' लिहिलंत."

"त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता गं."

"आणि माझ्या?"

"हळू बोल, लोक ऐकतायत. जरा खांदा दे, पाय भरून आलाय."

"धरा."

"चला, पुढचे कोण?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "हं, या मधल्या वर्षात काय केलंस तू?"

"मॅडम, मी त्या वर्षी..."

"काही नाही हो, मॅडम," तिच्या खांद्यावर सगळा भार टाकत वडील म्हणाले. "घरीच होती."