पुस्तकातला केळखाऊ पक्षी

शिकलेल्यांचं कौतुक मला सांगू नका. आमची एरंडोलजवळ केळीची बाग. पिकायला आलेले घड पाखरं फोडायची, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या बापाने, बंदुकीचा परवाना मागितला. धुळ्याहून गोरा साहेब तपासायला आला. त्याला पाखरांचं वेड.

पुस्तक उघडून म्हणाला, "आधी पाखराची जात दाखवा." एका चित्रात लाल पंखांचं, तुरेवालं पाखरू होतं. साहेब म्हणाला, "हा केळखाऊ."

आबांनी तसलं पाखरू जन्मात पाहिलं नव्हतं, पण परवाना हवा होता. म्हणाले, "हाऊच शे साहेब! रोज येस!"

साहेब उडालाच. "ही जात तर आफ्रिकेतली! आता बंदूक विसरा. दगडसुद्धा मारायचा नाही!"

मग आठ दिवस तो दुर्बीण घेऊन बागेत बसला, अन् बसल्या बसल्या आमची पिकली केळी खात राहिला. पाहुण्याला नको कोण म्हणणार?

शेवटी चिडून ओरडला, "कुठे आहे तुमचा केळखाऊ?"

आबांनी त्याच्या पायाशी पडलेला सालींचा ढीग दाखवला. "लिखी ल्या साहेब. याले पंख नहीत, अन् तुराना जागावर टोपी शे."

साहेब लालबुंद झाला. पण मुकाट्याने परवान्यावर सही केली आणि जाता जाता म्हणाला, "फक्त पंखवाल्यांवरच चालवा."