नाव झाकलं, बाई दिसली

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. खरं सांगणं हे पुण्य — बरोबर? मग आपल्या खऱ्यापायी दुसऱ्याच्या चुलीत पाणी पडलं, तर ते पाप कुणाच्या माथी? नुसत्या माना डोलवू नका, विचार करा!

एका तालुक्याच्या गावी शिवदास ढवण नावाचा पत्रकार होता. ‘पहारा’ हे साप्ताहिक काढायचा. साप्ताहिक कसलं — सोमवारी निघायचं, मंगळवारी भेळवाल्याच्या गाडीवर! हसा, हसा! पण लेखणी विकाऊ नव्हती हो त्याची. बोलायचा-लिहायचा हक्क घटनेनं तुम्हाला-मला दिला, तोच त्याला. पत्रकार म्हणून काही वेगळी शिंगं नव्हती फुटली.

त्या गावात एका संस्थेचं मुलांचं वसतिगृह होतं. पोरं सारखी आजारी पडायला लागली. एके दिवशी तिथं स्वयंपाकाला असलेल्या सोजरबाईनं शिवदासला गाठलं. पदराची गाठ सोडली — मूठभर तांदूळ, आणि त्यात अळ्या वळवळतायत!

“भाऊ, ह्ये शिजवून घालाया लावत्यात लेकरांना. पन माजं नाव नका येऊ देऊ. घरात मिळवती मीच हाय.”

“ताई, शब्द दिला. नाव येणार नाही.”

शिवदास डॉक्टरांना भेटला, आजारी पोरांशी बोलला. संस्थेच्या अध्यक्षांची बाजू विचारायला फोन केला — त्यांनी तो आपटला! मग त्यानं बातमी लिहिली. ‘वसतिगृहाच्या भटारखान्यातील एका महिलेने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले...’

नाव झाकलं की नाही? झाकलं! पण मंडळी, त्या भटारखान्यात बाकी सगळे बाप्ये. बाई एकच!

इकडं गावानं शिवदासचा सत्कार केला. तिकडं सोजरबाईला कामावरून काढलं. कळल्यावर तो अंगावरच्या शालीसकट तिच्या दारात धावला.

“ताई, मी नाव नव्हतं हो छापलं!”

“नाव नाय छापलं, भाऊ,” ती म्हणाली. “मलाच छापलं.”

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. स्वतःची बातमी त्यानं दहादा वाचली असेल — खरी आहे का म्हणून! पण ही वाचून कुणाचा घास जाईल, हे एकदाही नाही विचारलं मनाला!

पुढं चौकशी लागली. वसतिगृहात अधिकारी आले, शेजारी अध्यक्ष बसले. चौकशीला बोलावलेली सोजरबाई भिंतीला टेकून उभी.

“ढवण, माहिती कुणी दिली?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“साहेब, कोठी उघडा. तांदूळ स्वतःच सांगेल. नाव मी सांगणार नाही.”

अध्यक्ष खो खो हसले. “अहो, शेंबड्या पोराला ठाऊक आहे कुणी सांगितलं ते! तुम्ही फक्त हो म्हणा. नाही म्हणालात, तर बातमी खोटी म्हणून कोर्टात खेचतो!”

बघा हं! गुपित उरलं होतं का? नाही! ‘हो’ म्हटलं की हा सुटला. पण तेवढ्या ‘हो’नं तिच्यावर फितुरीचा शिक्का बसला असता.

“खेचा कोर्टात,” शिवदास म्हणाला. “गावाला माहीत असेल. माझ्या तोंडून नाव जाणार नाही. एकदा माझ्या हातून गेलं, तेवढं बास झालं.”

तेवढ्यात भिंतीपाशी बांगड्या वाजल्या.

“सायेब, म्या सांगितलं! आळ्या म्या पाखडल्यात ह्या हातांनी. उघडा कोठी!”

कोठी उघडली. पोतं फोडलं. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. अध्यक्षांचं हसू कुठल्या कुठं गेलं!

सोजरबाई शिवदासकडं वळली. “भाऊ, आता छापा माजं नाव. आता म्या सांगती, म्हणून छापा.”

त्यानं छापलं. पहिल्या पानावर, आणि त्याखाली स्वतःची चूकही.

लेकरांना चांगला भात मिळायला लागला. टाळ्या वाजवताय? थांबा! तिची नोकरी नाही परत मिळाली. गावात दारोदार फिरली बिचारी. सगळे म्हणाले, “बाई धाडसाची!” पण कामाला कुणी ठेवेना. घरातलं बाहेर सांगणारी म्हणे!

शिवदास चुकला, आणि उभा राहून त्यानं ती चूक भोगली. पेपरवाल्यांचा न्याय झाला. आता तुमचा करू? उद्या सकाळी सोजरबाई तुमच्या दारात आली — “काम हाय का?” म्हणून — तर कोण ठेवील? करा हात वर!

...का हो? मघाशी तर टाळ्या वाजवत होता! ठेवा ते हात तसेच मांडीवर, आणि त्यांची लाज वाटत असेल तर म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल, विठ्ठल!